कापसाच्या गावातलं कॉन्व्हेंट

पाचगणीला १८९५ साली ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या सिस्टरांनी मुलींसाठी सेंट जोसेफ कॉन्व्हेंट उघडलं. तीन वर्षांनी तिथेच मुलींची किमिन्स शाळा सुरू झाली. थंड हवा, सिल्व्हर ओकची झाडं, उतरत्या छपराच्या इमारती आणि वसतिगृहातल्या मुली असं कॉन्व्हेंटचं एक चित्र तेव्हापासून मराठी मनात पक्कं बसलं आहे. मग विदर्भाचं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण असलेल्या चिखलदऱ्यात असं काही का उभं राहिलं नाही? आमच्या वऱ्हाडातल्या मुलींच्या कॅथलिक शाळेचा इतिहास या प्रश्नापासून धरला तर नीट हाती लागतो.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. १८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनला ही जागा दिसली, असं सांगतात. त्याच्या वीस वर्षं आधी, १५ डिसेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेने शेजारचा गाविलगड घेतला होता. पलटणीच्या साहेबांनी डोंगरावर बंगले बांधले, उन्हाळ्यात कचेऱ्या वर हलू लागल्या. एवढं होऊनही चिखलदरा पाचगणी झालं नाही. पाचगणी ही जॉन चेसनने गोऱ्या कुटुंबांच्या कायम वस्तीसाठी ठरवून वसवलेली जागा होती आणि पुणे-मुंबई तिला जवळ. चिखलदऱ्याला मात्र बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून अमरावती, मग अचलपूर-परतवाडा आणि तिथून मेळघाटाचं जंगल चढून जावं लागे. पावसाळ्यात डोंगर धुक्यात आणि पाण्यात बुडालेला. मुळात वऱ्हाडात गोरी कुटुंबंच मोजकी. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो महसुलासाठी आणि पलटणीच्या खर्चासाठी. साहेबांच्या मुलींसाठी डोंगरावर शाळा काढावी इतका साहेब इथे नव्हताच.

म्हणून वऱ्हाडात सिस्टर आल्या त्या डोंगरावर राहिल्या नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या, सरकीच्या वासाच्या, जिनिंगच्या भोंग्यावर उठणाऱ्या अमरावतीत त्यांनी बिऱ्हाड केलं. माझ्या मते या शाळेचा सगळा पुढचा स्वभाव या एका गोष्टीने ठरला. ती साहेबांच्या मुलींची शाळा झाली नाही, वऱ्हाडातल्या मुलींची झाली.

सॅव्हॉयच्या खेड्यातून

या सिस्टर कुठल्या? आल्प्सच्या पायथ्याशी आन्सी नावाचं गाव आहे. गावाला लागून मोठा तलाव, मागे बर्फाचे डोंगर. तो मुलूख सॅव्हॉय. १८६० पर्यंत तो सार्डिनियाच्या राज्यात होता, त्या वर्षी फ्रान्सकडे गेला. सोळाव्या-सतराव्या शतकातले संत फ्रान्सिस द सेल्स याच भागातले. त्यांच्या नावाने फादर पिएर-मारी मर्मिए यांनी १८३८ साली धर्मगुरूंचा एक संघ काढला. त्याच वर्षी आन्सीजवळच्या शावानो या लहानशा खेड्यात मदर क्लोदीन एशेर्निए यांच्यासोबत त्यांनी स्त्रियांचाही एक संघ उभा केला. ‘सिस्टर्स ऑफ द क्रॉस ऑफ शावानो’ हे त्याचं नाव. आपल्याकडे लोक त्यांना ‘होली क्रॉसच्या सिस्टर’ म्हणून ओळखतात.

हा काही सरदार-दरकदारांच्या लेकींचा संघ नव्हता. शेतात राबणाऱ्या, गुरंढोरं पाहणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या बायकांतून तो उभा राहिला. खेड्यात साधेपणाने राहायचं, मुलींना अक्षरओळख करून द्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे त्याचं काम. पुढे वऱ्हाडात आलेल्या सिस्टरांकडे पाहताना हे मूळ विसरता कामा नये. परदेशी सिस्टर म्हटली की आपण तिला राज्यकर्त्यांच्या गोटात बसवतो. ही माणसं गोरी होती, पण इंग्रज नव्हती; त्यांची भाषाही इंग्रजी नव्हती. इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागली, तशी मराठीही.

मर्मिए यांच्या संघाचे फादर १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोचले. त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख अफाट होता. पूर्वेच्या समुद्रापासून नागपूर-कामठी ओलांडून तो थेट वऱ्हाडापर्यंत पसरला होता. आधी ते छावण्यांमधल्या कॅथलिक शिपायांसाठी हिंडले. कामठीची छावणी मोठी, तिथे आयरिश आणि मद्रासी कॅथलिक शिपाई होते. नागपुरात १८७० मध्ये सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा निघाली, ती मुलांसाठी. ११ जुलै १८८७ रोजी नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि अलेक्सी रिकाझ पहिले बिशप झाले. त्याच्या एक वर्ष आधी, १८८६ मध्ये, शावानोच्या सिस्टर अमरावतीत येऊन पोचल्या होत्या. या संघाचं भारतातलं पहिलं पाऊल मुंबई-पुण्यात पडलं नाही, अमरावतीत पडलं. आम्हा वऱ्हाडकरांना हे माहीतच नसतं.

त्या वेळी फ्रान्समध्ये काय चाललं होतं, तेही पाहू. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढण्याचा कायदा तिथे १८८० मध्ये झाला. प्रगत म्हणवणाऱ्या त्या देशातही मुलींचं हायस्कूल तेव्हा अगदी नवी गोष्ट होती. ३० ऑक्टोबर १८८६ च्या गोब्ले कायद्याने सरकारी शाळांतून धर्मसंघांच्या शिक्षकांना बाहेर काढायचं ठरलं आणि १९०४ मध्ये तर धर्मसंघांना शिकवायलाच बंदी झाली. तिकडे दारं बंद होत असताना इकडे वऱ्हाडात, मुख्य रेल्वेमार्गापासून बाजूला असलेल्या गावाच्या अंगणात, फ्रेंच बोलणाऱ्या बायका शाळा मांडत होत्या.

१८८६ चं वऱ्हाड

त्या वऱ्हाडाला आपण मागासलेला म्हणून निकालात काढतो, पण ते खरं नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. बाजारपेठ, वकील, सावकार, कारकून असा एक नवा शहरी वर्ग इथे तयार झाला. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं, ते या वर्गाच्या जोरावर.

आणि बायकांचा आवाजही याच मातीतून निघाला होता. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात हंटर आयोगापुढे मुलींच्या शिक्षणाची आणि बायकांसाठी बाई-डॉक्टरांची मागणी मांडली. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, उघडली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. म्हणजे सिस्टर अमरावतीत उतरल्या तेव्हा मुलींच्या शिक्षणाचा विषय महाराष्ट्रात तापलेला होता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात वर्ग उघडून जी ठिणगी टाकली, तिला चाळीस वर्षं होत आली होती.

वऱ्हाडात अडचण विषयाची नव्हती, बाईची होती. मुलींच्या शाळेला बाई हवी, आणि शिकलेली बाई कुठून आणायची? ब्राह्मण घरातली विधवा बाहेर पडत नव्हती, इतर जातींतल्या बाईला शाळेपर्यंत कोणी पोचूच दिलं नव्हतं. पुरुष मास्तर असला तर दहा-अकरा वर्षांची पोर बापाने घरी आणलीच म्हणून समजा. ‘पोरगी शिकून का कलेक्टर होनार हाये?’ हा प्रश्न आम्ही आज्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. या पेचात सिस्टरांची शाळा एका साध्या कारणाने टिकली: तिथे शिकवणारी बाई होती, मुलींसोबत राहणारी होती आणि लग्न होऊन निघून जाणारी नव्हती. मुलीला दाराआड ठेवणाऱ्या बापालाही उंच भिंतीचं, फाटकाचं कॉन्व्हेंट एका परीने सोयीचं वाटलं. तिथे शिकून बाहेर पडलेल्या पोरींतून पुढे शाळेच्या बाई तयार झाल्या, दवाखान्यातल्या नर्स तयार झाल्या. वऱ्हाडच्या गावोगावी बायकांना पगाराची पहिली नोकरी ज्या दोन वाटांनी मिळाली, त्या याच.

दुष्काळाची लेकरं

१८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यातून लोक उठतात न उठतात तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला. आमच्याकडे त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणत, कारण तो संवत १९५६ चा. त्याची खूण शिरगणतीत राहिली आहे. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती माणसं तर वाढलीच नाहीत, उलट सुमारे दीड लाख कमी भरली.

आई-बाप गेलेली लेकरं तेव्हा सरकारने ठिकठिकाणच्या मिशनांकडे सोपवली. कॅथलिक असो की प्रोटेस्टंट, त्या दशकात मध्य भारतातल्या बहुतेक मिशनांच्या आवारात अनाथालयं भरून गेली. अमरावतीच्या सिस्टरांच्या पदरीही अनाथ मुली आल्या. या लेकरांची शाळा साहेबी नव्हती. त्यांना मराठीतून लिहिणं-वाचणं, हिशेब, प्रार्थना, शिवण, दळणकांडण, रुग्णाची सेवा हे शिकवलं जाई. मुलगी मोठी झाली की मुलांच्या अनाथालयात वाढलेल्या मुलाशी तिचं लग्न लावून द्यायचं, जमल्यास मिशनच्या जमिनीजवळ त्यांचं घर उभं करायचं, ही त्या काळच्या मिशनांची ठरलेली रीत होती. विदर्भातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात अशा लग्नांतून झाली आहे.

कॉन्व्हेंटच्या इतिहासातली एक दुखरी बाजूही इथेच सुरू होते. जगभरच्या कॉन्व्हेंटांत एकाच आवारात दोन शाळा असत. एक फी देणाऱ्यांची, दुसरी गरिबांची. एकीत पियानो, चित्रकला आणि इंग्रजी, दुसरीत शिवण आणि मायबोली. पहिलीच्या फीवर दुसरीचा खर्च निघे, हा हिशेब खरा होता आणि तो प्रामाणिकपणे मांडला जाई. तरी त्यातून एकाच चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या दोन मुलींमध्ये एक भिंत उभी राहिली हेही तितकंच खरं. शाळांचे इतिहास लिहिताना लोक पहिल्या शाळेचा लिहितात. वऱ्हाडातला इतिहास लिहायचा तर तो दुसऱ्या शाळेपासून सुरू करावा, असं मला ठामपणे वाटतं.

टाका, घंटा आणि नीतीचा तास

त्या शाळेत मुली काय शिकत, हे पाहायला शिवणाचा तास पुरे आहे. आधी मुलीच्या हाती जाड मांजरपाटाचा तुकडा येई. त्यावर एका ओळीत धावदोरा, खाली टीप, मग दुमडून हेम. ते सरळ आलं की काज. काज करताना कापड कापलं जातं, म्हणून चूक दुरुस्त होत नाही. काजाच्या कडेला प्रत्येक टाक्याची गाठ एकाच बाजूला यावी लागते. त्यानंतर रफू, म्हणजे फाटलेल्या जागी उभे धागे घालून त्यातून आडवे विणत नेणं. साखळी टाका, गाठीचा टाका, फुली टाका हे सगळ्यांत शेवटी, शोभेसाठी. एका कापडावर हे सगळे टाके ओळीने घातले की तो त्या मुलीचा नमुना. अनाथ मुलीला या नमुन्यावर शिवणाचं काम मिळे, आणि वकिलाच्या मुलीला तोच नमुना लग्नाच्या बोलणीत दाखवला जाई. मुलगी कुणाची का असेना, टाका वाकडा गेला तर सिस्टर उसवायला लावी. आवारातल्या दोन शाळांना जोडणारा एक धागा निदान इथे होता.

दुसरी गोष्ट घंटेची. एक तास कमी-जास्त झाला तर काय बिघडतं, अशा चालीच्या गावात घंटेवर चालणारं आवार मुलींना नवं होतं. रांग, गणवेश, नखं तपासणं, दुपारी बारा वाजता प्रार्थनेची घंटा, संध्याकाळी आवार झाडून निघणं. ‘कॉन्व्हेंटची शिस्त’ म्हणून लोक जिचं नाव काढतात ती मोठ्या तत्त्वांतून आलेली नाही, घड्याळातून आली. मुलीच्या वेळेलाही किंमत आहे हे तिला शाळेत पहिल्यांदा कळे, कारण घरी तिची वेळ भावाच्या, बापाच्या आणि चुलीच्या वेळेला बांधलेली असे.

तिसरी गोष्ट धर्माच्या तासाची. कॅथलिक मुली त्या तासाला एका वर्गात जात आणि कॅटेकिझम, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, शिकत. बाकीच्या मुली दुसऱ्या वर्गात मॉरल सायन्स शिकत. खरं बोलावं, चोरी करू नये, गरिबाला हसू नये, असं त्याचं पुस्तक असे. भारतभरच्या कॅथलिक शाळांत ही वाटणी रूढ झाली आणि आजही अनेक ठिकाणी चालते.

धर्मांतराची धास्ती

ही वाटणी झाली नसती तर हिंदू, जैन, मुसलमान घरांतल्या मुली या शाळांत टिकल्याच नसत्या. धर्मांतराची धास्ती खरी होती. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदनावर चारच वर्षांत धर्मांतराचा आरोप होऊन मोठं वादळ उठलं आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घरादारावर काय बेतलं ते मराठी वाचकांना ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे. अशा काळात मुलीला सिस्टरांच्या शाळेत घालणं ही बापाच्या धाडसाची गोष्ट होती.

या बाबतीत आपण दोन्ही अंगांनी सरळ बोललं पाहिजे. मिशन धर्मप्रसारासाठी आलं होतं. ते कोणी लपवलं नाही, लपवायचं कारणही नव्हतं. दुष्काळात पदरी आलेलं लेकरू मिशनच्या धर्मात वाढलं, ही वस्तुस्थिती आहे. तशीच हीही आहे की फी देऊन शिकलेल्या बहुसंख्य मुली आपापल्या धर्मातच राहिल्या, आपापल्या देवघरात दिवा लावत राहिल्या, आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनीही मुली त्याच शाळेत घातल्या. शाळेवरचा विश्वास वाद घालून सिद्ध होत नसतो, आईने आपली पोर कुठे पाठवली यावरून तो कळतो.

आणि श्रेय एकट्या कॉन्व्हेंटचं नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या घरात शाळा नेली. गाडगेबाबा खराट्याने गाव झाडून झालं की कीर्तनात लेकरांना शाळेत घाला म्हणून सांगत. एरवी देवळात न जाणारा तो माणूस शाळेपुढे हात जोडत असे. वऱ्हाडात मुलींचं शिक्षण पसरलं ते या मोठ्या प्रवाहातून. सिस्टरांची शाळा त्या प्रवाहाच्या आधी लागलेला एक झरा होता, इतकं म्हणणं न्याय्य ठरेल.

फ्रेंच सिस्टर गेल्या, साडीतल्या सिस्टर आल्या

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झालं. स्वातंत्र्यानंतर परदेशातून नवे मिशनरी येणं कमी होत गेलं. ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळं होऊन अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप. ते १९९५ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, त्या पदावर होते. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. त्यानंतर लॅटिनमधली उपासना मराठीत आली, सिस्टरांचे लांब झगे कमी झाले, अनेक सिस्टर साडी नेसू लागल्या. आडनावं बदलली. आन्सीच्या जागी केरळ, मंगळूर, गोवा, वसई आणि पुढे विदर्भातल्याच मुली सिस्टर म्हणून येऊ लागल्या. वऱ्हाडी बोलणारी सिस्टर वर्गात उभी राहिली, तेव्हा ही संस्था खऱ्या अर्थाने इथली झाली.

त्यानंतर इंग्रजीची मागणी वाढली, आणि १९९० नंतर तर तिला धरबंध राहिला नाही. आज वऱ्हाडात गल्लोगल्ली ‘कॉन्व्हेंट’ म्हणवणाऱ्या इंग्रजी शाळा आहेत. त्यांच्या पाट्यांवर गजानन महाराजांचं नाव असतं, जिजाऊंचं असतं. सिस्टरांच्या शाळेत प्रवेशासाठी पहाटेपासून रांगा लागू लागल्या. अमरावती-अकोल्यात ‘होली क्रॉसला नंबर लागला’ हे पेढे वाटण्याचं निमित्त झालं. याची किंमतही मोजावी लागली. काही इंग्रजी शाळांच्या आवारात मराठी बोललं की दंड अशी पद्धत पडली, आणि ज्या परंपरेत एके काळी अनाथ मुलीला मायबोलीतून अक्षर दिलं त्याच परंपरेत मराठी ही लपून बोलायची भाषा ठरली. मर्मिए आणि एशेर्निए यांच्या मूळ कामाशी याचा मेळ बसत नाही. खेड्यातल्या मुलीला तिच्या बोलीत भेटणं हे त्यांचं काम होतं.

मेळघाटची मुलगी

म्हणून पुन्हा डोंगराकडे पाहावं लागतं. चिखलदऱ्यालगत मरियमपूर नावाचं गाव आहे. मरियेच्या नावाने वसलेलं हे गाव कॅथलिक मिशनचं. कॉफी पिकणारा महाराष्ट्रातला हा विरळा डोंगर, आणि त्या कॉफीशीही मिशनचं नाव जोडलेलं. पण इथली खरी गोष्ट कोरकू माणसांची आहे. कोरकू भाषा मुंडा कुळातली. तिचं मराठीशीही नातं नाही, हिंदीशीही नाही. कोरकू मुलगी शाळेत पहिल्या दिवशी बसते तेव्हा मराठीच तिला परभाषा असते. इंग्रजी ही त्यानंतरची.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये जाहीर झाला. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सगळा महाराष्ट्र हादरला. दरम्यान सरकारी आश्रमशाळा आल्या. २०१० नंतर आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवायची सरकारी योजनाही आली, आणि त्या नामांकित शाळा बहुधा मेळघाटाबाहेरच्या. तरी मुलगी गळतेच. दिवाळीनंतर आई-बाप तूर, हरभरा, गव्हाच्या कामाला खाली मैदानात उतरतात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली पोर सोबत जाते. होळीला सगळे परततात, कारण कोरकूंचा मोठा सण तो. तोवर शाळेचं दुसरं सत्र संपत आलेलं असतं. ती नापास होत नाही, नुसती मागे राहते. मग एका वर्षी ती परतच येत नाही.

१८८६ मध्ये अमरावतीला जो प्रश्न होता तोच आज धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत आहे. मुलीजवळ राहणारी, तिची बोली समजणारी, मध्येच निघून न जाणारी बाई हवी. इमारत मिळते, अनुदान मिळतं, टॅब्लेटसुद्धा मिळतात, आणि बाई मात्र बदलीच्या अर्जावर सही करून खाली उतरते. शावानोच्या सिस्टरांनी अमरावतीला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट इंग्रजी नव्हती, मुक्काम होता. कॅथलिक शाळा असो, जिल्हा परिषदेची असो की आश्रमशाळा, मेळघाटात जी शाळा असा मुक्काम करेल तीच या परंपरेची खरी वारस म्हणावी लागेल.

दाखल-खारीज

हा इतिहास कुठे ठेवलेला आहे? प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर असतं. लाल कापडी बांधणीचं, आडवं, दोन हातांनी उचलावं लागणारं. एका मुलीला एक ओळ. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, धर्म, जात, जन्मगाव, जन्मतारीख आधी अंकात आणि मग अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. सगळा इतिहास त्या शेवटच्या रकान्यात असतो. ‘लग्न’, ‘वडिलांची बदली’, ‘फी न भरल्यामुळे’, ‘मृत्यू’, ‘मॅट्रिक उत्तीर्ण’. एकाखाली एक अशी पन्नास वर्षांची कारणं वाचत गेलं तर वऱ्हाडातली मुलगी कोणत्या साली लग्नाऐवजी मॅट्रिकला पोचली, ते कुठल्याही प्रबंधाहून स्पष्ट कळेल.

ही रजिस्टरं आज उघडतात ती जात पडताळणीसाठी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्रभरच्या जुन्या शाळांच्या कपाटांवरची धूळ झटकली गेली. जातीचा रकाना पाहून झाला की रजिस्टर पुन्हा मिटतं. शेवटचा, कारणाचा रकाना कोणी वाचत नाही.

मराठी साहित्यात अहमदनगरचं ख्रिस्ती जग लक्ष्मीबाईंनी आणलं. वसईचं जग फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आणलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची चारशे वर्षंही आपण पाळली. वऱ्हाडच्या कॅथलिक घरांचं, तिथल्या सिस्टरांचं, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींचं जग मात्र अजून कागदावर यायचं आहे. यात कमीपणा धर्माचा नाही, आमचा आहे. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आम्हाला गडांचा आणि पुढाऱ्यांचाच वाटत आला.

म्हणून माझं वाचकांना सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी अमरावतीच्या, अकोल्याच्या, नागपूरच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली आजी, मावशी, आत्या असेल तर तिच्याजवळ बसा. वर्ग कुठे भरायचा, कोणत्या सिस्टरने काय शिकवलं, फी किती होती, शाळा का सुटली, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. शिवणाचा नमुना, वर्गाचा फोटो, बक्षिसाचं पुस्तक जपून ठेवा. धर्मप्रांताने आणि शाळांनी जुन्या रजिस्टरांची, पत्रांची आणि कीर्दींची छायाचित्रं काढून ती अभ्यासकांना खुली करावीत. खासगी नावं झाकूनही हे करता येतं. अमरावतीच्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा आणि तो अनाथालयाच्या वर्गापासून सुरू करावा. २०३६ मध्ये सिस्टरांच्या अमरावतीतल्या पहिल्या पावलाला दीडशे वर्षं होतील. तोवर हे काम झालं पाहिजे.